शलाकेच्या जागी

“मग मी प्रेम करायचं कुणावर, आबा? त्या लोखंडी स्टँडवर?”

हेरंब धुरी अंगणात उभ्याउभ्याच कडाडला. सावंतवाडीला उतरून तो थेट इथे आला होता. खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

विश्राम आबा गवस पडवीत पायपेटीच्या फाटक्या भात्याला ठिगळ लावत बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी दशावतारात बायकांची कामं केली. लुगडं नेसून आबांनी नुसती मान वळवली, तरी पुढच्या रांगेतल्या बायका आपापले पदर सारखे करायच्या. हेरंब रंगमंचावर पहिल्यांदा उभा राहिला तो त्यांच्यासमोर, राजा होऊन. आता तो मुंबईत एका मालिकेचा नायक होता. मालवणी बोलणं त्यानं केव्हाच सोडलं होतं.

“बस,” आबा म्हणाले. “काय झाला ता सांग.”

“बसायला नाही आलो मी.”

“मगे उभ्यान सांग.”

हेरंबनं सांगितलं. मालिकेत तो इंद्रनील, छापखान्याचा मालक. त्याच्या छापखान्यात मुद्रितं तपासणारी शलाका. नऊ महिने दोघं एकमेकांवर जीव टाकतायत आणि अजून कुणी चकार शब्द काढलेला नाही. सगळा महाराष्ट्र त्या एका शब्दासाठी रोज साडेसातला टीव्हीपुढे बसतो. काल एसटीत एका आजीनं त्याचा दंड धरून विचारलं होतं, “अरे मेल्या, कधी बोलणार तिच्याशी?”

आणि परवा तो प्रसंग आला.

“शलाका नोकरी सोडून निघालीय. मी तिला थांबवतो. नऊ महिने सगळे ज्याची वाट बघतायत तो प्रसंग, आबा! आधी तिचा चेहरा घेतला. मी समोर उभा, जीव ओतून बोलतोय. मग कॅमेरा माझ्याकडे फिरला… आणि बाई उठल्या, चालू लागल्या!”

“खंयची बाई?”

“शलाकेचं काम करते ती. मैथिली बेंद्रे. नेहमीचंच आहे तिचं. स्वतःचं झालं की निघाली. मागे उरतो लाइटचा स्टँड, त्याला चिकटवलेली पांढरी पट्टी. तिथे बघायचं आणि डोळ्यांत पाणी आणायचं. तिची वाक्यं वाचतो एक सहायक, तोंडात वडापाव!”

आबांच्या ओठाचा कोपरा हलला.

“हसू नका. मी कागद फेकले आणि निघून आलो. शूटिंग बंद आहे.” हेरंबनं फोन पुढे केला. “हे निर्मात्याला लिहिलंय. एकतर ती राहील, नाहीतर मी. आणि मला ते सोडणार नाहीत. तुम्ही हो म्हणा, आत्ता पाठवतो.”

आबांनी फोनकडे पाहिलं नाही. बोटांना लागलेला सरस पंच्याला पुसला, आणि ते खांबाला टेकून उभे राहिले.

“मी शलाका. बोल.”

“आबा, थट्टा नको.”

“बोल मरे.”

दोन दिवसांची पांढरी दाढी. उघडी छाती. कमरेला पंचा. हेरंब वैतागून बघत राहिला.

आबांनी मान थोडी खाली घातली. नजर हेरंबच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर आणून ठेवली… ते तिरकं लागलंय, नीट करावंसं वाटतंय, पण आपला हक्क नाही, असं काहीतरी त्या नजरेत होतं.

“निघते मी,” आबा हलकेच म्हणाले.

हेरंबचा हात आपसूक बटणाकडे गेला. समोर बघवेना, म्हणून त्यानं तोंड फिरवलं आणि कुंपणाकडे बघत तो म्हणाला, “उद्यापासून तू येणार नाहीस. मग… मग माझ्या चुका कोण शोधणार, शलाका?”

असा आवाज त्याला नऊ महिन्यांत लागला नव्हता. त्याचं त्यालाच ते कळलं. भरल्या डोळ्यांनी तो वळला.

पडवीत कुणीच नव्हतं.

“आबा!” तो किंचाळला. “आबा, खंय गेलात?”

परसात बादली वाजली. जरा वेळानं आबा हात झटकत आले.

“म्हशीक पाणी दाखवूक गेललंय.”

“भर प्रवेशात?”

“म्हस कधीची वरडता. तुका ऐकाक इला नाय?”

हेरंबला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यामुळे त्याचा राग आणखी भडकला.

“तुम्हीसुद्धा तिच्यासारखेच! माणूस तिथे काळीज काढून देतोय आणि…”

“ती खंय जाता?”

“कोण?”

“ती बेंद्र्यांची. उठान जाता मा? खंय जाता?”

“मला काय ठाऊक! फोनवर बोलत फाटकाशी उभी असते कधी. कधी नुसतीच भिंतीकडे तोंड करून. मी कशाला विचारू? तिनं मला विचारायला हवं, की बाबा रे, जाऊ का म्हणून!”

“नव म्हयने…” आबा खाली बसले, भाता मांडीवर ओढला. “नव म्हयने प्रेम केलंस तिच्यार.”

“मी नाही केलं!” हेरंब ओरडला. “इंद्रनीलनं केलं!”



हेरंब श्वास टाकत उभा राहिला. परसातून म्हशीचं सावकाश पाणी पिणं ऐकू येत होतं. आबांनी ठिगळाच्या कडेवरून अंगठा फिरवला, कुठे हवा सुटतेय का ते पाहिलं.

हेरंबनं पिशवी खाली ठेवली.

“आबा.” त्याचा आवाज आता उतरला होता. “मग हे पत्र… पाठवू ना?”

आबांनी मान वर केली नाही.

“माका कित्याक विचारतंस? इंद्रनीलाक विचार.”