कातळ सोडून चार पावले

एका डोंगराच्या दोन अंगांना दोन जंगले होती आणि मध्ये उघडा माळ होता. अलीकडच्या जंगलात एक उदमांजर राहत असे. रात्री पिकली जांभळे नाहीतर उंबरे खावीत, उजाडू लागले की परसाकडे जाऊन यावे आणि ढोलीत झोपावे, एवढाच त्याचा संसार. मुलांनो, हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही सगळी गोष्ट त्या परसाकडे जाण्याचीच आहे. उदमांजरांच्या घराण्यात एक जुनी रीत होती : जायचे ते उंच, सपाट कातळावरच. आपली हद्द कुठवर आहे, हे आल्यागेल्याला कळायला नको का?

त्याच जंगलात एक शेकरू आई होती. शेकरू म्हणजे खारीची तांबूस, थोरली बहीण. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उड्या मारत तिचा जन्म जातो, जमिनीवर उतरणे तिला जिवावर येते. एका उन्हाळ्यात अलीकडची फळे संपली. माळापलीकडे मात्र उंबर लगडलेले दिसत होते. शेकरूचे भुकेले पिल्लू माळावर उतरले आणि निम्म्या वाटेतच गरुडाने त्याला उचलले. आई काठावरच्या झाडावरून पाहत राहिली. त्या दिवसापासून ती जंगलाच्या त्या टोकाला कधी फिरकली नाही.

ढोलीच्या तोंडाशी बसलेल्या उदमांजराने हे पाहिले होते. त्याला फार वाईट वाटले, पण गरुडापुढे त्याचे काय चालणार? पावसाळा सरल्यावर मात्र त्याला एक नवल दिसले. माळाच्या काठच्या कातळावर त्याच्या विष्ठेतून पडलेल्या साऱ्या बिया करपून गेल्या होत्या. एकच बी घरंगळून मातीत पडली होती आणि तिथे जांभळाचे वीतभर रोप उभे होते. आपण खाऊन विसरलेले फळ असे पाने हलवत समोर उभे राहील, हे त्याला खरेच वाटेना. ते रोपाभोवती पुन्हा पुन्हा फिरून आले. दुसऱ्या दिवसापासून त्याने कातळ सोडला आणि चार पावले पुढे, माळाच्या मातीत ते जाऊ लागले.

एका म्हाताऱ्या उदमांजराने त्याला हटकले, "काय रे, मातीत बसतोस? आपल्या घराण्यात असं कुणी केलं नाही."

"आजोबा, कातळावर काही उगवत नाही."

"आणि तू एकटा मातीत बसलास म्हणून माळाचं जंगल होणार होय?"

"ते मला माहीत नाही," उदमांजर म्हणाले. "पण जायचं तर रोज आहेच. मग जिथं काही रुजेल तिथंच का जाऊ नये?"

यावर आजोबांनी नाक मुरडले. ते शेपूट उडवून निघून गेले.

पुष्कळ पावसाळे गेले. एखादे रोप तग धरी, मग उदमांजर त्याच्या पुढच्या मातीत जाई. कितीतरी बिया किड्यांनी खाल्ल्या, कितीतरी रोपे हरणांनी खुडली. रोज पाहणाऱ्याला वाढ दिसत नाही, त्यामुळे कुणी दखलही घेतली नाही. मग असा एक उन्हाळा आला की अलीकडे औषधाला फळ उरले नाही. शेकरू आईच्या पाठीशी आता नवी दोन पिल्ले होती आणि दोघांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. एका सकाळी ती जीव मुठीत धरून त्या नकोशा टोकाला आली आणि जागीच थबकली. माळ होता कुठे? जांभळाला उंबर, उंबराला पुन्हा जांभूळ, अशी फांदीत फांदी गुंतवत एक हिरवी वाट थेट पलीकडच्या जंगलाला भिडली होती. तिने भीत भीत उडी घेतली. फांदीने तिला तोलून धरले. वर गरुड घिरट्या घालत होता, पण दाट पानांखालचे त्याला काही दिसत नव्हते. निम्म्या वाटेत ती क्षणभर थांबली.

"आई, का थांबलीस?" पिल्लाने विचारले.

"काही नाही. चला पुढे."

पलीकडच्या टोकाला उदमांजर झोपायला परत निघाले होते. शेकरूने त्याला विचारले, "दादा, एवढी झाडं कुणी लावली?"

उदमांजर लाजून खाली पाहू लागले. "लावली कुणीच नाहीत, ताई. मी आपलं खाल्लं आणि रोजच्यासारखा परसाकडे गेलो. कातळ सोडून चार पावलं पुढे, एवढंच."

शेकरूने मागे वळून पाहिले. जिथे तिने पिल्लू गमावले, तिथे वाऱ्यावर पाने सळसळत होती. तिचे डोळे भरून आले. पिल्ले मात्र एव्हाना उंबरे खायला लागलीही होती.

तात्पर्य : जे आपण रोज करतोच, ते जरा जपून केले तरी त्यातून रान उभे राहते, 'माझ्या एकट्याने काय होणार' म्हणणाऱ्याचे बी मात्र कातळावरच करपते.