शेवंतेची डोलकाठी

एका राज्यात समुद्रकिनारी शेवंता नावाची कोळीण राहत होती, आणि ती राजावर मनस्वी संतापलेली होती. कारणही तसेच होते. राजा चंडवर्म्याने मोत्यांच्या हव्यासापायी तिचा धाकटा भाऊ म्हाळू याला शापित बेटावर उतरवले. "मी स्वतः परत आणीन," अशी समुद्राला हात लावून शपथ वाहिली. मोती आले, म्हाळू बेटावरच राहिला. राजा मात्र खुशाल लोडाला टेकून बसला. गरज सरो, वैद्य मरो!

बेटावर पाण्याचा थेंब नव्हता. म्हाळूजवळ थोडी शहाळी होती, तीही संपत आलेली. शेवंतेने आपली छोटी होडी काढली, शिडाची डोलकाठी उभारली, तोच काठी कडाडून मोडली. शेवंता राजमांत्रिक मायाधराकडे गेली.

"काठी का मोडते?"

"लाकूड हलके आहे. डोंगरावरचा साग आण."

सागापाशी वाघ बसला होता. शेवंतेचा चेहरा पाहून तो बाजूला झाला. सागाची काठी मोडली. मग मांत्रिकाने देवराईतल्या उंडीच्या झाडाची काठी आणवली, तीही मोडली. मग राक्षसाच्या अंगणातला शिसव मागितला. शेवंतेच्या शिव्या ऐकून कंटाळलेल्या राक्षसाने तो स्वतःच तोडून दिला. शिसवही मधोमध मोडला.

शेवंता वाळूत बसून लाकडाला लाथा घालू लागली. तेव्हा होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर बसलेला खंड्या पक्षी बोलला, "लाकडावर का चिडतेस? काठी उभारताना कुणाचा जयजयकार करतेस?"

"महाराजांचा. बापजाद्यांची रीत आहे."

"ज्याने समुद्राची शपथ मोडली, त्याच्या नावाची काठी समुद्र उभी राहू देईल? मायाधराला हे पहिल्यापासून ठाऊक आहे."

शेवंतेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राजाला उठताबसता शिव्या द्यायच्या आणि काठीपाशी त्याचाच विजय गायचा! तिला स्वतःचाही राग आला.

नवे लाकूड आणायला आता वेळ नव्हता. तिने शिसवाच्या दोन्ही तुकड्यांचा चिरफळलेला भाग कापून टाकला, कलते काप एकमेकांवर बसवले, आत राळ ओतली आणि काथ्याच्या दोरीने सांधा करकचून आवळला. काठी उभी राहू लागली, तेवढ्यात राजा मांत्रिकासह धावत आला. समुद्र त्याच्या महालाच्या पायऱ्या चढू लागला होता.

"आमचे नाव घे!" राजा ओरडला.

"जीव गेला तरी नाही. ही म्हाळूची काठी!"

काठी उभी राहिली. सांध्यावर एक हिरवे पान फुटले.

"मायाधरा, पाणी थांबव," राजा म्हणाला. मांत्रिकाने शेवंतेच्या होडीकडे बोट दाखवले.

"शपथ तुमची आहे, महाराज," शेवंता म्हणाली. "बसा होडीत. आणि पाणी उपसा."

राजा होडीत बसला आणि पाणी उपसू लागला. बेटावर त्याने म्हाळूला स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि होडीत आणून ठेवले. त्याच क्षणी समुद्र ओसरला, शाप सुटला. त्या राज्यात त्यानंतर काठी माणसाला घरी आणायला उभी राहते, राजाला मिरवायला नाही.

म्हाळूने कसेबसे डोळे उघडले. "अक्का, किती गं उशीर!"

शेवंतेने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, आणि त्याला पोटाशी धरून भोकाड पसरले.