पंगतीवरून चाललेला धावक

वसुषेण राजा मेघकूट नगरातून राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नंदिनी नदीकाठच्या बकुळग्रामात धावकांच्या कुळात जन्मला होता. राजाचे निरोप पायी धावत पोहोचवायचे, हा त्या कुळाचा धंदा. त्याचे नाव सुजव. तो पाळण्यात असतानाच मोठा दुष्काळ पडला आणि त्यात आईबाप गेले. थोरली बहीण धारिणी हिने त्याला वाढवले.

दुष्काळ पाहून राजाचे मन हेलावले. त्याने कोठारे उघडली आणि आज्ञा केली की दिवसातून चार वेळा घंटा वाजेल, सारे गाव एका पंगतीत जेवेल आणि कोणी उपाशी राहणार नाही. आज्ञा दयेची होती. पण दुष्काळ सरून वीस वर्षे झाली तरी घंटा वाजतच राहिली. घंटा झाली की ताट, मग भूक असो वा नसो. पोटे सुटली, चार पायऱ्या चढताना माणसे धापा टाकू लागली, आणि तरीही एकमेकांना आग्रह करकरून वाढीत राहिली. भरल्या ताटावरून उठणे हे तिथे मोठे पाप मानीत. अन्नाला कोणाचा पाय लागला तर मात्र पंगत मोडे, आणि लहानथोर सगळ्यांनी टेकडीवरच्या झऱ्यावर स्नान केल्याशिवाय चूल पुन्हा पेटत नसे.

सुजव भूक लागली म्हणजे जेवी. बहुधा दिवसातून एकदाच, उन्हे कलल्यावर. धावायचे असले की नुसते पाणी पिई. त्याचे पाय हलके होते आणि झोप गाढ होती. "हरीण घंटा ऐकून चरत नाही," एवढेच तो म्हणे.

धारिणी रोज त्याचे पान मांडी. "एक घास तरी खा रे. माझ्या हातचं गोड लागत नाही का तुला?"

"लागतं, अक्का. भूक लागली की फार गोड लागतं."

"मग बस की!"

"आत्ता भूक नाही."

लोक म्हणत, "मोठा आलाय शहाणा! जगात याचंच पोट वेगळं." अन्न नाकारणाऱ्याने माणूसच नाकारला, असे लोक धरतात. हळूहळू कोणी त्याला हाक मारीनासे झाले. एके दिवशी धारिणीनेही त्याचे पान मांडले नाही. त्या संध्याकाळी तो ओट्यावर एकटा बसून जवाची पेज प्याला आणि त्याला फार एकटे वाटले.

पुढे त्याने नदीच्या वरच्या अंगाची, आठ कोसांवरची चौकी मागून घेतली. तिथे दोन वर्षे गेली. बोलायला कोणी नव्हते. तो माकडांशी बोले, आणि माकडे आपापल्या पोटाच्या उद्योगात असत.

भाद्रपदातल्या एका सकाळी डोंगराची दरड कोसळून नदीच्या पात्रात आडवी पडली. मागे पाणी तुंबू लागले. सुजवने त्या मातीला हात लावला. ती आतून पाझरत होती. संध्याकाळपर्यंत ती टिकणार नाही, हे त्याने ओळखले आणि तो धावत सुटला.

अर्ध्या वाटेवर, उंच टेकाडावर उपल नावाच्या धावकाची चौकी होती. तिथून पुढे निरोप त्याने न्यायचा. पण उपल नुकताच दुसऱ्या घंटेचे जेवून उठला होता. तो बिचारा शंभर पावले धावला आणि कूस धरून खाली बसला. "सुजवा, कळ आली रे. मी नाही पोचत. तूच जा."

सुजव पुढे धावला. कालच्या संध्याकाळपासून पोटात काही नव्हते, पण पाय थकत नव्हते.

तो गावात शिरला तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती. नदीकाठच्या मैदानावर सारे गाव पानांवर बसले होते.

"उठा! वर दरड पडलीय. पाणी येतंय!"

गावचा मुख्य मंडन भात कालवीत म्हणाला, "नदी तर आटलीय बाबा. आणि भरल्या ताटावरून उठवतोस? बस, दोन घास खा, मग सांग काय ते."

सुजवने हात जोडले, विनवण्या केल्या. "एवढं संपवून येतो," असे जो तो म्हणे, आणि तेवढ्यात वाढपी आणखी वाढी.

धारिणीने त्याच्याकडे पाहिले. दोन वर्षांनी भाऊ दिसत होता. ती सरकली आणि तिने शेजारी एक पान मांडले. "आलास? बस," एवढेच ती म्हणाली. क्षणभर त्याला सगळे विसरून तिच्या शेजारी बसावेसे वाटले.

मग त्याने अन्नाला वाकून नमस्कार केला. "हे पाप माझं," असे म्हणून त्याने चिखलाचा पाय उचलला आणि आपल्यासाठी मांडलेल्या पानावर ठेवला. तिथून तो पंगतीच्या टोकापर्यंत पानांवरून चालत गेला.

एकच हाहाकार उडाला. कोणी दगड मारले, कोणी थुंकले. "तू माझा भाऊ नाहीस!" धारिणी ओरडली. पण पंगत मोडली. तान्ही मुले कडेवर आणि म्हातारी माणसे पाठीवर घेऊन सारे गाव धापा टाकीत टेकडी चढू लागले. मागे राहिलेल्या एका म्हातारीला सुजवने खांद्यावर घेतले. ती वाटभर त्याच्या कानात त्याला शिव्या देत होती.

झऱ्यावर त्याला कोणी जवळ येऊ दिले नाही. तो दूर एका खडकावर जाऊन बसला. लोक अंगावर पाणी घेत होते तोच खालून गर्जना आली. नदी गावावरून गेली. घरे, चुली, कोठार, सारे वाहून गेले. माणूस एकही गेले नाही.

उन्हे कलली तशी धारिणी खडकाजवळ आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"आईबाप उपाशी गेले रे," ती म्हणाली. "तू पान सारलंस की मला तेच दिसायचं. भीती वाटायची."

सुजवने मान खाली घातली. "मला माझी भूक कळली, अक्का. तुझी भीती कळली नाही. मी कधी विचारलंच नाही." मग तो म्हणाला, "आज मला फार भूक लागलीय."

धारिणीने सवयीने इकडेतिकडे पाहिले. द्यायला काहीच नव्हते. ती रडू लागली आणि रडतारडता हसली. मग मंडन आला, ती म्हातारी आली, एकेक करून सगळे येऊन त्यांच्या शेजारी ओळीने बसले. त्या संध्याकाळी सुजव पहिल्यांदाच आपल्या गावाच्या पंगतीत बसला होता, आणि पंगतीतला प्रत्येक जण भुकेला होता.

ही कथा भिक्षूंच्या गुरूंनी, शास्त्यांनी, एका नव्या भिक्षूला सांगितली. एकभुक्त राहतो म्हणून घरचे दुरावले, या दुःखाने तो खिन्न बसला होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा उपल तो आजचा भिक्षू सोमिल, मंडन तो गृहस्थ नागदत्त, धारिणी ती वडील भिक्षुणी, थेरी सुव्रता, आणि सुजव तो मीच. यातला गुण मात्रज्ञतेचा. आपल्या पोटाला किती हवे ते ओळखावे. आणि आपण पान सारतो तेव्हा वाढणाऱ्याच्या मनात काय आहे, तेही त्याच्या शेजारी बसून विचारावे."

तो भिक्षू दुसऱ्या दिवशी सकाळी आईला भेटायला गेला.