आंधळी गलबतं

रांजणबंदरात आलेले पाहुणे आधी शेटांचा वाडा बघतात. आता त्याचं संग्रहालय झालंय. झुंबरं, चिनी बरण्या, हस्तिदंती पेट्या बघून झाल्या की दिवाणखान्यातल्या भिंतीशी पाय थांबतात. भिंतभर सात गलबतं रंगवलीत, दोर न् दोर मोजून घ्यावा अशी. पण प्रत्येकाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, डोळ्यांच्या जागी नुसते खरवडल्याचे खड्डे. "पोरांचे उद्योग!" असं कुणी म्हटलं की वाडा दाखवणारे भिकूआबा तारी उखडतात. "पोरांना कशाला नावं ठेवता? ज्यानं काढले त्यानंच खरवडले. भिंतीवरचा हात काढा आणि ऐका."

असं सांगतात, की नवी होडी पाण्यात जाण्याआधी तिच्या नाळेवर डोळे आखायचे, ही इथली रीत. डोळ्यांविना ती घरची वाट कशी शोधणार? तो मान दाजी चिताऱ्याचा. त्या वर्षी शेटांची वास्तुशांत निघाली आणि दाजी या भिंतीला चिकटला. इकडे जानू तांडेलाची नवी होडी किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झाकलेली. जानू रोज यायचा, दाजी रोज "उद्या" म्हणायचा. शेटांच्या पाहुण्यांची वाहवा सोडून वाळूत कोण जाऊन बसतो!

नारळी पौर्णिमेला जानूनं विचारलं, "आखलेस ना रे डोळे?"

"आखले," दाजी मागं न वळताच म्हणाला. "झापं काढू नकोस एवढ्यात, रंग ओला आहे."

संध्याकाळी जाऊन आखू, असं त्याच्या मनात होतं. पण सातव्या गलबतापायी संध्याकाळ गेली आणि तो भिंतीशीच झोपला, म्हणे.

जानूनं तिघा खलाशांना घेऊन पहाटेच्या अंधारातच होडी लोटली. उजाडताना दाजी सज्जात आला, तेव्हा ती खाडीच्या तोंडाशी वळत होती. नाळ कोरी! हाक पोचली असती हो. पण हाक मारायची म्हणजे आपण खोटं बोललो हे अख्ख्या किनाऱ्यासमोर कबूल करायचं. दाजी तसाच आत वळला. दुपारी येतीलच, असं त्यानं मनाला समजावलं. दुपारी वारा फिरला. चौघांपैकी एकही परतला नाही.

दाजीनं शेटांदेखत सातही गलबतांचे डोळे पटाशीनं खरवडले, कुंचले चुलीत घातले, अन्न सोडलं. तेरावं झाल्यावर जानूची बायको रखमा त्याच्या दारात आली. त्यानं रडत रडत सगळं सांगून टाकलं, हाकेचंही.

"उपाशी मरून सुटायला बघतोस होय रे?" ती म्हणाली. "माझ्या दिराची होडी उद्या पाण्यात जायची आहे. ऊठ. डोळे आख."

आजही रांजणबंदरात नव्या होडीपुढं चितारी गुडघे टेकतो आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणतो, "मी चुकलो." होडीवाल्याच्या घरची बाई म्हणते, "डोळे आख." माफ केलं, असं मात्र तिनं म्हणायचं नसतं.