खारीच्या ढोल्या

फार वर्षांपूर्वी, एके सकाळी झिपरी खारीने आणखी एक ढोली धरली. दूरच्या रानातून बिया आणून ती शेजाऱ्यांसाठी साठवायची. कुठे काय ठेवलंय, ते सगळं तिच्या डोक्यात.

"अगं, ढोल्या वाढवतेस, पण डोकं तेवढंच आहे ना!" साळुंकी म्हणाली.

"असू दे गं, वेळेला उपयोगी पडतं."

तेवढ्यात घार आली. झिपरीने घाईघाईने आपलं पिल्लू एका ढोलीत लपवलं.

घार गेल्यावर साळुंकीने विचारलं, "चिंचोके कुठेत गं?"

"आंब्याच्या वरच्या ढोलीत."

"आणि पिल्लू?"

झिपरी एकेका ढोलीत डोकावू लागली.

संध्याकाळी शेजारी घरट्यांत गेले. ती एकटीच ढोल्या उपसत राहिली. सगळीकडे बियाच.

बाळांनो, झाडातून बारीक चिकचिक ऐकू आली, तर त्या पिल्लाला तेवढं सांगा, आई अजून शोधतेय.