मौनीबाबांची वाकडी तसबीर

“...मग तोंड वाकडं कशानं झालं, बुवा?”

हेरंब लाटकरने पुन्हा विचारलं. नोकरीत असताना त्याला असले प्रश्न विचारायची सवय नव्हती; लोक त्याला विचारत.

मठाच्या पडद्यावर मूळपुरुष मौनीबाबांची तसबीर होती. हेरंबच्या प्रोग्रामने ती आधी रुंदीला दुप्पट ताणायची, मग तीस अंशांनी कलती करायची, आणि आरती संपली की पुन्हा मूळ रूपात आणायची. ताणणं झालं, कलणं झालं. परत येताना मात्र बाबांचा जबडा असा सरकला, की हयातभर न बोललेला माणूस आता शिवी हासडणार असं वाटावं.

संध्याकाळच्या आरतीला हे जमलं तर हेरंबला दीक्षा. नाही जमलं तर पुण्याची एसटी.

“रुंदी दुप्पट केली होती, ती निम्मी केली. जेवढं फिरवलं होतं, तेवढंच उलटं फिरवलं. आकडा चुकला असेल तर कान पकडतो.”

मठाचे गुरू, बुवा, सुपारी कातरत होते.

“आधी निम्मी केलीस?”

“अर्थात. आधी ताणली होती, म्हणून आधी आवळली. क्रम पाळलाय.”

“हं... बनियन काढ.”

हेरंबने सदऱ्याच्या गुंडीला हात घातला.

“सदरा राहू दे. आधी बनियन घातला होतास ना? मग आधी बनियन.”

गुरूची आज्ञा. हेरंबने दोन्ही हात सदऱ्याच्या आत ओढून घेतले. जरा वेळाने गळ्यातून एक कोपर बाहेर आलं, डोकं आत गेलं, आणि भावी संन्यासी खांबावर आपटला.

बुवांनी सुपारी तोंडात टाकली.

...

“कळलं!” सदऱ्याच्या आतून आवाज आला.

बाहेर आल्यावर त्याने क्रम उलटा केला. आधी तसबीर फिरवून सरळ केली, मग आवळली. बाबा जसेच्या तसे. शांत.

हेरंब बुवांपुढे मांडी ठोकून बसला.

“बुवा, आता मलाही मूळ रूपात आणा. पगार सोडला, फ्लॅट सोडला, ठरलेलं लग्न मोडलं. एवढं कोण सोडतं हो हल्ली? आता आणखी काय उतरवू?”

“सगळ्यांत शेवटी काय चढवलंस?”

हेरंबने बोटांवर एकेक मोजत शेवटचं बोट धरलं.

“...वैराग्य.”

“मग आधी ते काढ.”