मैनाने मोकळं ठेवलेलं पान

माघातली सप्तमी. सकाळी गारठा होता. दुपारी कोरडा वारा सुटला.

त्या दिवशी एका लहानशा गावात यशवंत शिंपी मशीन बंद ठेवून ओट्यावर बसला होता. टाका किंचित वाकडा गेला, तरी अख्खी शिवण उसवून पुन्हा घालायची, अशी त्याची रीत. लोक थट्टेने म्हणत, "यशवंताकडे सदरा टाकलात तर पुढच्या सणाला मिळेल, पण मिळेल तो चोख!"

शेजारी त्याची पाच वर्षांची भाची मैना होती. तिची आई कुसुम आजारी सासूच्या सेवेसाठी महिनाभर परगावी गेली होती. ती उद्या येणार होती. दारातल्या बदामाची पानं लालभडक झाली होती आणि वाऱ्याने भराभर गळत होती.

"मामा, आई येईपर्यंत झाड असंच राहील?"

"कसलं राहतंय! संध्याकाळपर्यंत खराटा होईल त्याचा."

"मग आपण ते कागदावर ठेवू."

घरात मेणाचे खडू होते, पाण्याचे रंग होते. जाड कागद मात्र एकच होता. मैनाने पान कागदाखाली ठेवलं आणि वरून खडू घासायला घेतला.

"अगं, पान उलटं ठेवलंस," यशवंत म्हणाला. "सुलट बाजू वर हवी."

"तुझ्या कापडाची असेल. पानाच्या शिरा मागे असतात."

तिने खडू घासला. कागदावर पानाची शीर न् शीर उमटली. मग तिने कागदभर पानं उमटवली आणि वाटीत पाणी आणायला आत गेली.

यशवंत चित्राकडे बघत राहिला. शिरांच्या मधे सगळीकडे पांढरा कागद दिसत होता. कोपऱ्यातल्या एका पानाची तर नुसती कडच होती. त्याच्याने राहवेना. मैनाला मदत होईल, असं म्हणून त्याने लाल खडू उचलला आणि प्रत्येक पान काठोकाठ भरून टाकलं.

मैना आली. तिने ब्रश तांबड्या रंगात बुडवून पानावर टेकवला. रंगाचे थेंब झाले आणि इकडेतिकडे घरंगळले. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"मामा, रंग बसत नाहीये."

"मेणावर पाणी कसं बसेल?" यशवंत बोलून गेला आणि त्याने हातातला लाल खडू हळूच खाली ठेवला.

मैनाने कोपऱ्यातलं पान पाहिलं. "हे पण भरलंस? हे आईचं होतं. ती आल्यावर रंगवणार होती."

यशवंतने सवयीने ब्लेड घेतलं. "थांब, खरवडून काढतो."

"फाटेल ना!" मैनाने कागद ओढून छातीशी धरला. ती थोडा वेळ मुसमुसली. मग तिने डोळे पुसले, कागद पालथा केला आणि पान त्याच्याखाली सरकवलं.

"मामा, तू आता हाताची घडी घाल."

यशवंतने निमूटपणे हाताची घडी घातली. मैनाने खडू घासून पुन्हा पानं उमटवली आणि या खेपेला रंग शिरांच्या मधे उतरला. तांबड्यात पिवळा मिसळला. एक ओघळ पानाबाहेर गेला. यशवंतचा हात सुटला, पण मैनाने नुसतं पाहिलं आणि त्याने तो परत काखेत घातला.

संध्याकाळी मैना खेळायला गेली. चित्र ओट्यावर वाळत होतं. कोपऱ्यात नुसत्या कडेचं एक कोरं पान होतं आणि ब्रश शेजारीच होता. यशवंतने तो उचलला. कोऱ्या पानाकडे क्षणभर बघितलं. मग ब्रश धुऊन डब्यात ठेवला आणि कागद उडू नये म्हणून त्यावर आपली कात्री ठेवली.

दुसऱ्या दिवशी कुसुम आली. झाडावर एकही पान नव्हतं. मैनाने चित्र पुढे केलं. कुसुमने ते उलटून पाहिलं.

"मागचं कुणी काढलंय गं?"

"मामाने. म्हणून ती बाजू मागे आहे."

यशवंत खाली मान घालून हसला. मैनाने आईच्या हातात ब्रश दिला. कोपऱ्यातलं पान कुसुमने पिवळ्या रंगाने रंगवलं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कामातली प्रत्येक मोकळी जागा चुकून राहिलेली नसते, ती भरण्याआधी त्याला विचारावं.